सम-विषम

टेपचं एक टोक वैजयंताताईंच्या हातात,
दुसरं माझ्या.
पहाटे पाचला मोजतो आम्ही.
त्या वेळी रस्ता थोडाफार जागेवर असतो.
कागदावर बारा मीटर.
टेपवर कुठे आठ, कुठे साडेसात,
पोपट करंजावण्यांच्या रसवंतीपाशी सहा,
त्यातही उसाच्या दोन मोळ्या.

मी ग्रामपंचायतीचा शिपाई.
गाव पुण्यात गेलं, मी गावाबरोबर गेलो,
पगाराची श्रेणी अजून वाटेत आहे,
तीही बहुधा फाट्यावर अडकली असेल.
पूर्वी दवंडी द्यायचो.
आता पाटी धरून उभा राहतो
खांबाचा खड्डा खणून होईपर्यंत.

पाटी सांगते : सम तारखेला या बाजूला,
विषम तारखेला त्या.
पहिल्याच दिवशी म्हादू अण्णा काठी टेकत आले.
"तारीख का तिथी?"
तारीख, ताई म्हणाल्या.
"मग अवसेला कुठं लावायची?"
अण्णांकडे गाडी नाही.
बैल होते, त्यांना कधी पाटी लागली नाही.

फोन सहापासून सुरू.
ताई, टँकर वळत नाही.
ताई, वऱ्हाड मंडपात, नवरदेव चौकात.
ताई, माझी गाडी उचलली.
ताई, त्याची का नाही उचलली?
नव्या सोसायटीचे साहेब इंग्रजीत चिडतात,
ताई मराठीत हो म्हणतात
आणि वहीत लिहितात, माणसाचं नाव नाही,
खांबाचा नंबर.

'स' यादीतून काँक्रीट मिळालं.
आठ दिवस पोरं त्यावर क्रिकेट खेळली,
नवव्या दिवशी केबलवाले आले.
परवानगी होती त्यांच्याकडे.
ताईंनी ती दोनदा वाचली,
सही ओळखीची निघाली.

मग औषधवाले बोथरा आले, विषम बाजूचे.
"एकतीसनंतर काय येतं, ताई?"
एक.
"दोन्ही विषम. म्हणजे सलग दोन दिवस
आमच्याच शटरला लोकांच्या गाड्या.
वर्षातून सात वेळा.
फेब्रुवारी एकोणतीसचा निघाला तर आठ."
ताईंनी भिंतीवरचं कॅलेंडर काढलं,
पानं उलटली, बोटं मोडली.
वहीत लिहिलं : एकतीस, एक, विचारणे.
कुणाला, ते लिहिलं नाही.

परवा मोजणी बोथरांच्या पुढे सरकली
आणि ताईंच्या दारात आली.
काळ्या दगडाची पायरी,
सासऱ्यांनी बसवलेली,
गावात मोटार आली की पोरं मागे धावायची
तेव्हाची.
रेषेच्या बाहेर पंचेचाळीस सेंटीमीटर.
मी हळूच म्हणालो,
"ताई, टेप जरा ढिली धरू का?"
त्यांनी घराकडे पाहिलं नाही.
"ताण, निवृत्ती."

मंगळवारी ब्रेकर लागला.
दगड चिवट, दोन माणसं दमली.
भाऊसाहेब काही बोलले नाहीत,
दोन दिवस मागच्या दाराने आले-गेले,
तिसऱ्या दिवशी देवघरातलं लाकडी स्टूल
उंबऱ्याखाली आणून ठेवलं.
रात्री आत घेतात, सकाळी बाहेर.
रस्ता तेवढा रुंद झाला.
कुणी बघायला आलं नाही.

आज पहाटे गेलो तर
त्या पंचेचाळीस सेंटीमीटरमध्ये
एक स्कूटी, नीट, आडवी, भिंतीला चिकटून.
हँडलला दुधाची रिकामी पिशवी.
ताई दारात आल्या, हातात टेप.
"आज तारीख किती?"
एकतीस, मी म्हणालो.

त्यांनी स्टूल उचललं,
वाकून स्कूटीच्या पलीकडे टेकवलं,
साडी सावरली,
आणि माझा खांदा धरून
रस्त्यावर उतरल्या.