दुसरा शनिवार

सावद्याहून साडेआठची एसटी,
फैजपूर, भुसावळ, मग जळगाव.
औषधांच्या दुकानावर एक खोली,
नऊ प्लास्टिकच्या खुर्च्या,
एकीचा पाय तारेनं बांधलेला.
मी तीच घेते. तोल सांभाळायची सवय आहे.

सासूबाईंना सांगितलंय, दातांच्या डॉक्टरकडे जाते.
पाच महिने झाले.
त्यांच्या हिशेबानं माझा आता
एकही दात खरा नसेल.

भिरूड मॅडम फळ्यावर काही लिहीत नाहीत.
विचारतात, या महिन्यात
पोरासोबत कधी हसलात?
पंखा फिरतो.
खाली कुणीतरी खोकल्याचं औषध मागतं.

हुसेन तडवी रावेरकडचे, रात्रभर केळीचे घड मोजून
ट्रक भरतात, एक चुकत नाही;
त्यांच्या मुलीला सतरातून नऊ वजा होत नाहीत.
विसपुते सराफ बाजारातले,
पोराच्या वहीपुढं नुसता चष्मा पुसत बसतात.
इथं कुणाचंच पोर गुपचूप मोठा चित्रकार वगैरे नाही.
पोरं आहेत. मोबाइलसाठी रडतात,
भरितातल्या मिरच्या ताटाखाली लपवतात.

माझा दुर्वेश चौथीत.
'माझे घर', दहा ओळी लिहायच्या होत्या.
घ ची वरची रेघ त्याच्या हातून मिटतच नाही.
माझे धर लहान आहे.
माझ्या धरात आई आहे.
सातव्या ओळीला मी लाटणं उचललं.

हे आज सांगितलं.
कुठल्या हातावर, तेही.
वाटलं, खुर्च्या मागं सरकतील.
विसपुते म्हणाले, आमच्याकडं पट्टी असते.
मग थोड्या वेळानं: लोखंडी.
नंतर कुणीच काही बोललं नाही
आणि मॅडमनीही घाई केली नाही.

वही पिशवीत होती, हातोहात फिरली.
हुसेनभाऊंनी बोट ठेवून वाचली,
शब्दाशब्दाला थांबत.
"ताई, पोऱ्या बराबर लिहून राह्यला.
दहा डाव सांगून राह्यला, धर."
आम्ही हसलो. तेही हसले,
मग वही मिटून मांडीवर ठेवली.
"मले बी ही दोन अक्षरं एकच दिसतात," म्हणाले,
"आजलोक कोनाले सांगितलं नव्हतं."

परतीच्या एसटीत तिकिटामागं
घ काढला, ध काढला.
एक कौल सरकावं, एवढीच तर फट.

दुर्वेश ओट्यावर. आजी आत आहे बघून
हळूच विचारतो, "गृहपाठ दिला का गं तुला?"
दिला. रोज दहा मिनिटं तुझ्यासोबत,
वही नाही, पुस्तक नाही.
"मग करायचं काय?"
ते नाही सांगितलं.
"तू पण विचारायला विसरलीस," म्हणाला
आणि भाजलेल्या शेंगांचं ताट
मधोमध सरकवलं.

टरफलं वाऱ्यानं अंगणभर.
"झाली का गं दहा मिनिटं?"
मी घड्याळाकडं पाठ करून
बसले होते.