मिनिटाला वीस थेंब

मारबत काल जळाली.
आज उंटखान्यात, झेरॉक्सच्या दुकानावरच्या खोलीत
सहा खुर्च्या, एक फळा, मी
आणि एकच विद्यार्थिनी:
उत्पला रामटेके, मेडिकलची स्टाफ नर्स,
रात्रपाळी करून तशीच आलेली.
शुक्रवारी तिची मुलाखत आहे, आयर्लंडची, फोनवर.

तिनं पेनानं खिडकीबाहेर दाखवलं.
"सर, हे पाणी येऊन राहिलं न,
याला तिकडे काय म्हणतेत?"

ड्रिझल, मी म्हणालो, आणि फळ्याकडे वळलो.
खडू दमट होता. पहिलं अक्षर उमटलंच नाही.
दुसऱ्यांदा गिरवेपर्यंत ती म्हणाली,
"आणि आता?"

आता खरंच ते राहिलं नव्हतं.
मघाशी नुसती हवा ओली होती,
विजेच्या तारेवर दिसावी, अंगाला कळू नये एवढी.
आता समोरच्या पत्र्यावर एकेक थेंब
उशीर झालेल्या माणसासारखा दार वाजवत होता.

माझ्या पुस्तकात एकच पाऊस आहे,
कुत्र्या-मांजरांचा.
अठ्ठावीस वर्षं शिकवतोय मी तो.
तिकडे तसं कुणी बोलत नाही म्हणे.

"आमच्याकडे बुरबुर म्हणतेत," ती म्हणाली,
"केसावर दिसते ते. मग झिमझिम.
चप्पल वाळत नाही तीन दिवस, ती रिपरिप.
आई तर नुसती हात बाहेर काढते न सांगते,
पापड उचला. किंवा, राहू द्या."

राहू द्या याला मी इंग्रजी शोधत बसलो.

ती आपलीच बोलत होती.
"वॉर्डात बरं असते, सर. घड्याळ धरायचं, मोजायचं.
मिनिटाला वीस. चाक असं वर सरकवलं का दहा."
तिचा अंगठा हवेत सरकला
आणि, योगायोगच म्हणा,
पत्रा गप्प झाला.

आम्ही दोघंही हसलो. मग ती हसायची थांबली.

"रात्री अकरा नंबरला एक म्हातारे होते, सुकराम मडावी, कुहीकडचे.
सकाळी ऑपरेशन, तोंडानं काहीच द्यायचं नव्हतं.
रात्रभर एकच. पाणी आहे का, बाई?
मी म्हटलं, नाही देता येत, बाबा.
थोड्या वेळानं पुन्हा, पाणी आहे का?
कापूस ओला करून ओठ पुसले,
तर मान फिरवली त्यांनी.
पहाटे साडेचारला समजलं, सर,
ते बाहेरचं विचारून राहिले होते.
तान्ह्या पोळ्याचा नातवाचा लाकडी बैल
गडबडीत अंगणातच राहिला होता,
न त्याचा रंग कच्चा."

"मग?"

"मग खिडकीशी गेली. दिव्याखाली पाहिलं.
बारीक आहे, बाबा, म्हटलं. बुरबुर.
ते म्हणाले, मग नाही जात रंग.
न झोपले."

फळ्यावर माझा अर्धा शब्द होता.
कुहीत तेव्हा किती होतं कोण जाणे;
मेडिकल ते कुही, चाळीस तरी किलोमीटर.
मी विचारलं नाही.

"तिकडे म्हातारेच असतेत म्हणे जास्त," ती म्हणाली,
"खाटेवरून त्यांना खिडकी दिसत नसन
न त्यांनी विचारलं, तर?"

मी तिला तीन वाक्यं लिहून दिली.
वाढतंय. थांबत आलंय. पुन्हा धरलं.
व्याकरण तिन्हींचं बरोबर होतं.
तिनं वही पिशवीत घातली, पिशवी दुसऱ्या पिशवीत,
आणि जिना उतरली.

खाली स्कूटीची सीट पुसता पुसता थांबली.
डावा हात पसरला, उजव्या हातातलं घड्याळ डोळ्यांशी.
पूर्ण एक मिनिट. मागचा ऑटोवाला हॉर्न देत होता.
मग वर बघून ओरडली,
"सर, बारा!"

मी खिडकीतून माझं मधलं वाक्य म्हटलं,
इंग्रजीत, स्वच्छ उच्चारात.
तिला ते ऐकू गेलं नसावं.
पत्रा पुन्हा वाजायला लागला होता.