गंजात दूध

युसेबिओ, तुझं चुपे अखेर मी केलं.
पवनीजवळच्या आमच्या गावात, चुलीवर,
कारण सिलिंडर संपला होता
आणि गाडी सोमवारीच येते.

जहाजाच्या भटारखान्यात
डुलत्या फरशीवर पाय फाकवून तू सांगायचास
तसं आधी झिंग्यांची डोकी वेगळी केली.
सगळी चव डोक्यात असते, म्हणायचास
तुझ्या मोडक्या इंग्रजीत,
मी माझ्या त्याहून मोडक्या इंग्रजीत हो म्हणायचो.
डोकी तेलात परतली, पाट्यावर वाटली,
फडक्यातून पिळली.
केशरी पाणी निघालं
आणि मांजर उंबऱ्यावर येऊन बसलं.

झिंगे फत्तू दिघोरेच्या डोंग्यातले.
अर्धा किलो मागितले, पावभर निघाले,
बोटाच्या पेरापेक्षा लहान.
तुझी नदी एका दिवसात समुद्राला पोचते,
झिंगे खाली जाऊन अंडी सोडतात, पिल्लं चढून परत येतात,
तीन महिने कुणी जाळं टाकत नाही.
आमची वैनगंगा समुद्राला पोचेस्तोवर
दोनदा नाव बदलते,
आणि मधे गोसीखुर्दची भिंत.
इथे ती वाहत नाही आता, साचते.
फत्तू म्हणतो, आधी झिंगा पंजाएवढा यायचा.
मी तेव्हा लहान होतो,
मला पंजाच लहान आठवतो.

तुमची ती काळपट मिरची,
जी नुसता रंग देते न् धुराचा वास,
इथे कुठली? भिवापुरी घातली.
ती नुसत्या रंगावर थांबत नाही.
बाकल्याऐवजी पोपटाचे दाणे,
कोहळ्याच्या चार फोडी,
मक्याचं कणीस कोयत्यानं तोडून.
बटाटा आमचा, मका आमचा, मिरचीही आमचीच,
हा हिशोब तू दर जेवणाला मांडायचास.
भात तर आमचा, मी म्हणायचो.
मग तू तांदूळ टाकायचास मूठभर,
उपकार केल्यासारखा.

आणि तो पाला, ज्याचं नाव
माझ्या जिभेवर कधी बसलं नाही,
झेंडूच्या जातीचा, एवढंच लक्षात होतं.
अंगणातल्या झेंडूचं पान चुरगळून हुंगलं.
तोच वास. नाही, त्याचा चुलतभाऊ.
पुदिना, सांबार आणि ती दोन पानं.
पुस्तकला म्हणाली,
"झेंडू देवाले वाह्याचा का गंजात टाकाचा?"

तरी तिनं तोवर चालू दिलं.
दुधाची वाटी उचलली
तेव्हा मात्र सराटा आडवा आला.
"माशात दूध? कोड फुटते अंगावर.
लहान पोरायले मालूम हाये."
तिकडे सगळे खातात, मी म्हटलं.
"मंग त्यायचं आंग पाह्यलं का तुमी?"

पाहिलं होतं, युसेबिओ.
तुझ्या डाव्या मनगटावर, रुपयाएवढा, पांढरा.
कायाओच्या बंदरात तेल उडालं, असं तू म्हणायचास,
कधी म्हणायचास, जन्मापासूनचा.
मी तिला म्हटलं,
काहीच नव्हतं.

तिनं दुसरा गंज घेतला,
अर्धं ओतून घेतलं, आपलं न् पोरीचं.
माझ्या अर्ध्यात दूध गेलं,
फाटलेल्या दुधाचा छेना गेला,
वर अंडं फोडून सोडलं,
ते वाफेत पांढरं होत गेलं, न ढवळता.

चवीचं खोटं सांगणार नाही.
तुझ्यासारखं नव्हतं.
पण तिसऱ्या घासाला
पायाखालची जमीन थोडी हलल्यासारखी झाली,
मी ताटली धरून ठेवली,
सवयीनं.
तुझा नंबर आता लागत नाही.

सकाळी पुस्तकलानं
पोरीचा हात उजेडात धरून उलटापालटा पाहिला,
रात्री तिनं माझ्या ताटलीत बोट बुडवलं होतं.
मग माझा हात पाहिला.
मग गंज घासायला घेतला, राखेनं,
माझाच आधी,
आणि पाठमोरीच म्हणाली,
"दुधानं तिखट दबलं, नाई?"