अकरा ते दोन

मेसेज आला: तंत्रज्ञ उद्या अकरा ते दोन या वेळेत येतील.
भिंतीजवळची जागा मोकळी ठेवा. जवळ चालू प्लग असावा.
घरी सज्ञान व्यक्ती हजर असावी.

सज्ञान म्हणजे मीच.
शालन तिकडे ग्रोनिंगेनला, लेकीच्या बाळंतपणाला,
आणि इथल्या जुन्या नेटवर तिचं बोलणं
"अहो, ते दुधाचं" इथंच अडकतं.
तोंड उघडं, एक डोळा मिटलेला.
तसाच बघत बसतो तिच्याकडे, पाच पाच मिनिटं.
इतका वेळ तिच्याकडे
याआधी कधी बघितलं होतं, आठवत नाही.

म्हणून सकाळपासून शोकेस सरकवतोय.
लँडलाइन कापली त्या वर्षी इथं आणून लावलं,
तेव्हापासून धनकवडीच्या या फरशीत मूळ धरून आहे.
आधी काचेचे ग्लास उतरवले, मग लग्नातलं घड्याळ,
मग पायाखाली पायपुसणं सारलं
आणि जड मोटर हलवायची तसा
एक कोपरा, दम, दुसरा कोपरा.
मागून निघाला कॅरमचा स्ट्रायकर,
अक्षरं उडालेली एक पावती,
वाळून कागद झालेली पाल,

आणि भिंतीवर, फोन होता तिथं,
शालनचं पेन्सिलीतलं अक्षर.
गॅस. डॉ. घाटपांडे. रिक्षा जगताप. फॉल-पिको.
नंबर सहा आकडी.
पुढं निळ्या पेनानं एकेक आकडा वाढवलेला,
नंतर लाल पेनानं सगळ्यांच्या आधी दोन.
कंपनीनं बदललं की तीही बदलत गेली,
एकही नंबर सोडला नाही.
सगळ्यात खाली: "हे (दुकान)".
हे म्हणजे मी.
भोसरीच्या शेडमध्ये तीस वर्षं
जळक्या मोटारी उसवून पुन्हा भरत होतो,
आणि तिथला फोन उचलायला हात कधी रिकामा नसायचा.

भिंतीसाठी रंगाचा छोटा डबा आणला होता, पांढरा.
ब्रशही भिजत घातला.

दीड वाजला. कोणी नाही.
पावणेदोनला आला इरफान मुलाणी,
मुक्काम सासवड, गळ्यात पट्टा, तोंडात कोरडी बिस्किटं.
आमच्याकडे दोन ते चार ड्रिल बंद.
बेलसरे मॅडमच्या सहीचा कागद लिफ्टमध्येच आहे,
त्यानं तो वर येता येता वाचलेला.
"काका, पंधरा मिनटांत भिंत कशी फोडू?"

मी जुनं भोक दाखवलं.
आत अजून तांब्याची जोडी, टोकं हिरवी पडलेली.
तो हसला. बाहेर जिन्यात जाऊन
त्यानं तांब्याच्या शेपटीला नवी वायर चिकटपट्टीनं बांधली
आणि ओरडला, "ओढा! पण हळू. आत काच आहे.
काटकोनात दुमडली तर मेली."

मी आतून ओढत गेलो.
तार कुठं अडते, कुठं नुसतीच रुसते,
हे बोटांना आपोआप कळतं; विसरली नव्हती बोटं.
वीतभर, हातभर, तांबं माझ्या मांडीवर गोळा होत गेलं,
आणि त्याचं बोट धरून
भिंतीतून बाहेर आली काळी बारीक वायर,
पोटात केसाएवढी काच घेऊन.
वळणावर इरफाननं तिला गोल फिरवलं,
झोपलेलं मूल कुशीवर वळवावं तसं.

डबीवर लाल दिवा लागला. बराच वेळ लालच.
मग हिरवा.
त्यानं माझी सही घेतली, पाणी पिऊन गेला.
दोनला दोन मिनिटं होती.

तांबं वजन केल्यासारखं हातात धरून बघितलं.
भंगारवाला काही देईल. देऊ दे, पुढं बघू.
ब्रश धुऊन ठेवला, कोरडाच.

फोन लावला.
शालन आली. हलणारी. दोन्ही डोळे उघडे.
"अहो, शोकेस कुठं गेलं? आणि धूळ किती ती!
पडदे धुवायला टाकायचे होते आधी."
मी काही न बोलता कॅमेरा भिंतीकडे फिरवला,
त्या आकड्यांच्या अगदी जवळ नेला.

ती गप्प झाली.
मला वाटलं, पुन्हा अडकली.
डबीकडे पाहिलं.
दिवा हिरवाच होता.