एकच पर्याय निवडा

अर्जातला अकरावा प्रश्न असा:
तुम्ही डॉक्टर आहात की संशोधक?
एकच पर्याय निवडा.

मी दोन्हींवर खूण करून पाहिली.
एक उमटली की दुसरी पुसली जाते,
आमच्या नाशिकरोडच्या घरातल्या पाण्यासारखी,
मोरीतला नळ सोडला की स्वयंपाकघरातला कोरडा.

सात महिने शिष्यवृत्ती 'प्रक्रियेत' आहे.
हा शब्द मी पेशींसाठी वापरत आले,
आता घरभाड्यासाठीही वापरते.

बाबा नोटांच्या छापखान्यात, एकोणतीस वर्षं.
पाळीला शिरताना खिसा दाराशी रिकामा करायचा,
दिवसभर कोट्यवधी हाताखालून जाऊ द्यायचे,
झडती देऊन तसंच रिकामं बाहेर यायचं.
म्हणतात, मला सवय आहे गं,
पैसा मोजायचा, पण आपला म्हणायचा नाही.
तू कधी शिकलीस हे?

आत्याचा प्रश्न वेगळा:
तू औषध देणारी डॉक्टर होणार, की नुसतीच?

सकाळी मी औषध देणारी असते.
सिव्हिलच्या वॉर्डात, खाट क्रमांक नऊ,
तुळशी भोये, वय अकरा, तालुका सुरगाणा.
गुडघे पोटाशी घेऊन झोपते,
ओरडत नाही, फक्त चादरीचं टोक चावते.
तिच्या आईला सांगितलं,
हिच्या रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकतात.
आई भातकापणीवरून थेट आलेली.
तिनं विचारलं,
मग धार कोणी लावून दिली?

याचं उत्तर वॉर्डात नव्हतं.
म्हणून दुपारी मी नुसतीच असते.
म्हसरूळला, तिसऱ्या मजल्यावर,
उणे ऐंशी अंशांच्या फ्रीझरपाशी,
त्यात चारशे बारा कुप्या
आणि प्रत्येकीवर माझं वाकडं अक्षर.

बॅचमधला पराग कोठुळे कॉलेज रोडला हाडं जोडतो.
त्याची पाटी लागून चार वर्षं झाली.
भेटला की म्हणतो, अजून शिकतेस?
आणि कॉफीचे पैसे तोच देतो,
मला आवडत नाही, पण देऊ देते.

कासलीवाल मॅडमनी परवा रसायनं मागवली.
पावती माझ्यासमोर फाडली,
मी परत करायला जाऊ नये म्हणून.

मग मेमधल्या त्या रात्री वीज गेली.
जनरेटर दोनदा खोकला आणि गप्प झाला.
फ्रीझरवरचा आकडा चढू लागला,
उणे एकाहत्तर, उणे अडुसष्ट,
मी तापाचा तक्ता पाहावा तशी पाहत होते.
बाबा दुसऱ्या पाळीहून घरी न जाता
सातपूरच्या आइस्क्रीमवाल्याला उठवून
स्कूटरवर गोणपाट बांधून आले,
गोणपाटातून वाफ निघत होती.
तेवीसशे रुपये. बिल त्याच्याकडे नव्हतं,
बिलाशिवाय मला ते मागताही येणार नाहीत.

कोरडा बर्फ भरून झाल्यावर बाबा म्हणाले,
आता दाखव, आहे तरी काय एवढं.
मी काचपट्टी दिली.
त्यांनी ती कडेनं धरली, बोट मध्ये लागू न देता,
आणि बॅटरीच्या उजेडात तिरपी केली,
नोट तपासतात तशी.
असं नाही दिसायचं, बाबा.
तरी बराच वेळ पाहत राहिले.

वाकलेल्या म्हणजे बाद का?
आमच्याकडे बाद मालाचे तुकडे करतात.

नाही, म्हटलं. आम्ही त्याच जपून ठेवतो.

पहाटे तीनला पायरीवर बसून
मी त्यांना अकरावा प्रश्न वाचून दाखवला.
ते हसले नाहीत.
म्हणाले, आमच्याकडे आधी एक बाजू छापतात.
मग कागद सुकू देतात. मग दुसरी.
एका बाजूला कोरी नोट
भाजीवालीसुद्धा घेणार नाही.
आणि सुकेपर्यंत, त्यांनी बोट वर केलं,
आमचा पगार चालू असतो.

मंगळवारी खात्यात तीन महिन्यांचे आले.
चार महिने अजून प्रक्रियेत.
भाडं दिलं. मॅडमना पाकीट दिलं,
त्यांनी ते माझ्याच अॅप्रनच्या खिशात परत सारलं.
बाबांनी तेवीसशे घेतले, मोजून,
आणि सवयीनं एक नोट उजेडात धरली.

अर्ज अकराव्या प्रश्नावर उघडाच आहे,
तिथून पुढचं पान येत नाही.
गुरुवारी सुरगाण्याची सहाची एसटी धरायची आहे.
तुळशीच्या धाकट्या भावाचं रक्त घ्यायचंय,
त्याचेही गुडघे दुखतात म्हणे.
पिशवीत स्टेथो टाकला.
कुप्याही टाकल्या.