आजचा भाव

चहाच्या आधी भाव येतो.
खिशात मोबाइल थरथरतो: हिरवा बोर्ड चारशे दहा,
तपकिरी नव्वद, सोनेरी कडेची रॅम वेगळी,
चार्जर किलोवर, फुगलेली बॅटरी नको.
सात समुद्रांपलीकडे कुणी झोपेत कूस बदलतो
आणि जरीमरीच्या तिसऱ्या गल्लीत
तांबं सहा रुपयांनी उतरतं.

मी काटा सांभाळतो. एकवीस वर्षं झाली.
बाप सांगायचा, मापात पाप नको.
बाप धान्याच्या दुकानात होता.
ज्वारीत खडे निघत, शिसं निघत नसे.

गल्लीत सतरा गाळे, सतरा काटे.
मुस्तकीमने दोन रुपये वाढवले की
गांगुर्डे तीन वाढवतो,
मग दोघं मिळून माझ्या मालकाच्या नावानं बोटं मोडतात
आणि रात्री एकाच टेम्पोत तिघांचा माल चढतो,
भाडं तिघांत.

तळोज्याहून कर्णिक येतो, कंपनीचा.
गळ्यात ओळखपत्र, हातात कोरे हातमोजे.
त्याचा भाव आमच्याहून साठ रुपये कमी.
"साठ कशाचे?"
तो बोटांवर मोजतो: धुराचं गाळणं, पाण्याची टाकी,
कामगारांचा विमा, परवाना, परवाना तपासणाऱ्याचा चहा.
मुस्तकीम पलीकडून ओरडतो,
"आमचं पाणी मिठीत जातं साहेब,
आणि मिठी बिल पाठवत नाही!"
गल्ली हसते. मीही.
यल्लव्वा हसत नाही, तिचे हात बादलीत असतात.

बादलीत तेजाब, तेजाबात रॅमच्या पट्ट्या.
सोनं सुटून वर येतं, माशीच्या पंखाएवढं.
रेशनच्या दुकानात ती अंगठा ठेवते,
यंत्र म्हणतं, पुन्हा प्रयत्न करा.
खोबरेल चोळून पुन्हा. दोन दिवस खाडा करून पुन्हा.
रेषाच नाहीत. सोन्याबरोबर त्याही सुटल्या,
सकाळच्या यादीत त्यांचा भाव येत नाही.
साठातले तिचे किती,
हे मी एकदा पावतीच्या पाठीवर मांडून पाहिलं.
हातचे किती धरायचे, तिथंच अडलो.

मार्च संपता संपता कर्णिक पुन्हा आला, घाईत.
"माल नको. टनांचा आकडा द्या. नुसता कागद."
कागदालाही भाव असतो, तोही किलोवर,
तोही पडलेला: परवा बावीस, आज चौदा,
कारण भिवंडीत कुणी बाराला देतो म्हणे.
मालकानं मान हलवली.
मी रिकाम्या काट्यासमोर बसून
नऊशे किलो लिहिले.
काटा शून्यावर, हलायला तयार नाही.
त्याच्याकडे बघायचं टाळलं.

मे महिन्यात लिलावाच्या मालात
रेशनची जुनी यंत्रं आली. चाळीस.
नवीन मॉडेल आलंय म्हणे, वेगवान.
यल्लव्वानं एक उचललं, उलटं केलं,
चार स्क्रू, मग पोटातला छोटा हिरवा बोर्ड,
त्याखाली अंगठ्याची काच.
हात पदराला पुसून
तिनं काचेवर अंगठा ठेवला
आणि ठेवूनच बसली.
ना वायर, ना दिवा.
कुणी काही म्हणालं नाही, पुन्हा प्रयत्न करा असंही नाही.

काच तिनं कमरेला खोचली.
मी पाहिलं, हे तिनं पाहिलं.

आमचा काटा दहा ग्रॅमच्या खालचं बघत नाही.
मी बघतो, तेवढ्याचाच पगार आहे.
गांगुर्डेचा माणूस दारात भाव विचारत उभा.
चाळीस यंत्रं काट्यावर चढवली,
वहीत लिहिलं: चाळीस, पूर्ण, काचेसकट.