बी ब्लॉक, ओळ नऊ, खुर्ची सतरा

पुतण्याने मोबाइलवर पाठवलेला काळा-पांढरा चौकोन,
मुंग्या उधळल्यासारखा.
यंत्राने तो वाचला, दांडा फिरला.
मी आत. बाटली बाहेर.
ओल्या फडक्यात गुंडाळून भुसावळहून आणलेली बाटली
गार्डने भिंतीशी ठेवली.
"बाहेरचं पाणी चालत नाही, बाबा."
आत तेच पाणी चाळीस रुपयांना.

जळगावात, मे महिन्यात, हिरवंगार मैदान!
कठड्यावरून वाकून हात लावला. प्लास्टिक.
दिवसभराचं ऊन अजून पोटात धरून होतं,
तवा उतरवल्यावर चूल धरते तसं.

खुर्चीला नंबर, आणि हाताशी
ग्लास ठेवायला एक भोक.
चाळीस वर्षं सॉफ्टबॉल पाहिला उकिडवा बसून.
पाठ टेकून कसा पाहतात, ते कुणी शिकवलंच नव्हतं.
पहिल्या दोन इनिंग मी खुर्चीच्या टोकावरच.

लोको शेडमागे आमचं मैदान होतं.
सरकी भरलेली पोती म्हणजे बेस,
फक्कीची रेघ, होम प्लेट वॅगनच्या पत्र्याची.
बॉल बाभळीत गेला की दोन्ही टीम मिळून शोधायच्या.
स्कोअरर मी. शंभर पानी वही, शिसपेन्सिल.
चौऱ्याऐंशीच्या फायनलला
हिलाल घरी पोचला की नाही
ते धुळीत दिसलंच नाही.
अंपायरने डोळे चोळत हात पसरले. सेफ.
त्यावर आम्ही भांडलो डब्यावर, दोन लग्नांत
आणि हिलालच्या दहाव्यालासुद्धा.

इथे धूळ नाही.
तिसऱ्या बेसवरच्या पोरीच्या हातून बॉल निसटला,
आणि पडद्यावर तो तीनदा निसटला,
तिचा चेहरा घराएवढा.
तीही वर बघत होती, स्वतःला चुकताना.
मी मान खाली घातली.
माझ्या वहीत चूक म्हणजे एवढासा एक ठिपका असायचा.

पण जमुना बारेला!
चोपड्याच्या वरची, सातपुड्यातली, डावखुरी.
हात खांद्यातून असा गरकन फिरला
आणि बॉल कॅचरच्या ग्लोव्हमध्ये वाजला
तेव्हा मी शेजारच्या अनोळखी माणसाचं मनगट धरलं,
"गोफण! ही गोफण आहे, लिहून घ्या.
ज्वारीवरची पाखरं उडवून उडवून आलेला हात!"
त्याने हळूच मनगट सोडवलं.

मॅच संपल्यावर माइकवाल्यानेही तिला तेच विचारलं.
ती हसली.
"नाही सर. हॉस्टेलच्या मागच्या भिंतीवर,
चौथीपासून, टेनिस बॉलने.
गोफण मी कधी धरलेली नाही."
सतरा नंबरच्या खुर्चीत मी एकटाच शरमलो,
आणि मग टाळ्या वाजवल्या,
भिंतीसाठी.

अकरा वाजता दिवे एकेक करून गेले.
पाकोळ्यांना काय झालं ते कळेना,
त्या अंधारातच गोल फिरत राहिल्या.

गेटवर तो गार्ड, निंबा नाव छातीवर,
बाटली हातात घेऊन उभा.
"फडकं मी दोनदा भिजवलं. थंडच आहे."
मग आजूबाजूला बघून, हळू आवाजात,
"काय व्हयनं, बाबा? कोण जिंकनं?"
चार तास तो मैदानाकडे पाठ करून उभा होता.
ओरडा सगळा ऐकला होता, दिसलं काहीच नव्हतं.

शेवटची गाडी बाराला.
मी बाटली खाली ठेवली, उकिडवा बसलो,
बोटाने धुळीत चार बेस काढले
आणि पहिल्या इनिंगपासून सांगायला लागलो.
जमुनाचा हात गोफणीसारखाच फिरवला.
एक रन वाढवूनही सांगितली.